मासे कुठायत?

"सगळं छान आहे गं, पण मासे कुठायत?"

आई टँकसमोर खुर्ची ओढून बसली होती, चष्मा वरखाली करत पाचेक मिनिटं तिने आत सगळं शोधून पाहिलं, दगडाच्या मागे, लाकडाच्या खाली, आणि मग हे विचारलं. टँकमध्ये पाणी भरून तेव्हा अकरा दिवस झाले होते. आत माती, दगड, एक वाकडंतिकडं लाकूड आणि सात प्रकारची झाडं होती. मासा एकही नव्हता आणि अजून महिनाभर येणारही नव्हता. त्या महिन्याभरात हाच प्रश्न नवऱ्याने विचारला, पुतण्याने तर रोज विचारला, शेजारच्या काकू दोनदा येऊन विचारून गेल्या, आणि प्रत्येकाला मी उभ्या उभ्या काहीतरी अर्धवट उत्तर दिलं. पूर्ण उत्तर बरंच मोठं आहे म्हणून इथे लिहून काढतेय, घरी प्लांटेड टँक, म्हणजे खऱ्या झाडांचं मत्स्यालय, करायचा ज्यांच्या मनात आहे त्यांना उपयोग होईल.

सुरुवात माझ्या पहिल्या टँकपासून करावी लागेल. चार वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने टँक आणला, रंगीत खडे, प्लास्टिकची झाडं, फिल्टर, आणि विकणाऱ्याने सांगितलं की एक दिवस फिल्टर चालू ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मासे सोडा. तसंच केलं. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत होतं. पाचव्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले आणि नवव्या दिवसापर्यंत आठातले सहा गेले. मला वाटलं पाणी घाण झालंय, म्हणून मी सगळं पाणी उपसलं, फिल्टरचा स्पंज नळाखाली खसाखसा धुतला, नवीन पाणी भरलं, आणि उरलेले दोघंही गेले. ते का गेले हे नंतर वाचून वाचून कळलं आणि कळल्यावर फार वाईट वाटलं, कारण ते अगदी टाळता येण्यासारखं होतं.

मासा त्याच्या कल्ल्यांमधून सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. उरलेलं खाणं, विष्ठा, सडकं पान, या सगळ्याचाही शेवटी अमोनियाच होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पाणी गढूळही करत नाही, आणि माशाला मारतो. मुरलेल्या टँकमध्ये जिवाणूंचा एक गट या अमोनियाचं नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, ते माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद काढून घेतं. नायट्रेट मात्र त्यामानाने सौम्य, शिवाय झाडांचं खत. (ही दोन्ही कामं एकटाच करणारा नायट्रोस्पिरा गटातला जिवाणूही असतो हे २०१५ मध्ये सिद्ध झालं, तोपर्यंत शंभरेक वर्षं सगळे दोन टप्पे दोन वेगळे जिवाणू असंच धरून चालले होते. मला ही गोष्ट भारी आवडते.) तर हे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात, ते स्पंजवर, मातीच्या कणांवर, दगडावर, काचेवर चिकटून राहतात, आणि फार हळू वाढतात. नवीन टँकमध्ये त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. मी काय केलं, तर वस्ती व्हायच्या आधी मासे सोडले, आणि जी काही थोडीफार झाली असेल ती नळाच्या क्लोरीनवाल्या पाण्याने धुऊन टाकली.

म्हणून या वेळी ठरवलं की आधी माती, मग झाडं, मग पाणी मुरू द्यायचं, आणि मासे अगदी शेवटी. झाडं आधी घेण्यामागे नुसती हौस नाहीये. पाण्यातली बरीचशी झाडं अमोनियम (अमोनियाचंच पाण्यातलं रूप) सरळ खातात, म्हणजे जिवाणू तयार होईपर्यंतचा भार ती उचलतात. ही कल्पना नवीनही नाही. १८५० मध्ये लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एका काचेच्या भांड्यात गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची झाडं ठेवली, सडलेल्या पानांनी पाणी खराब व्हायला लागल्यावर त्यात गोगलगायी सोडल्या, आणि पाणी न बदलता ते सगळं कसं टिकून राहिलं हे लिहून ठेवलं. मासा, झाड आणि सडकं पान खाणारं कुणीतरी, एवढंच.

आता टँक. ६० सेमी लांब, ३० सेमी रुंद, ३६ सेमी उंच, हे माप ॲक्वास्केपिंगमध्ये, म्हणजे टँकमध्ये दगड-झाडांचा देखावा उभा करण्यात, खूप चालतं आणि पहिल्यांदा करणाऱ्याला मी हेच सुचवेन. काठोकाठ भरला तर चौसष्ट लिटर, माती-दगड टाकल्यावर पाणी पन्नास-पंचावन्न लिटर राहतं. लहान टँक सोपा असतो असं वाटतं पण ते उलटं आहे, पाणी कमी असलं की कुठलीही चूक लगेच अंगावर येते. वजनाचा विचार मात्र आधी करा. पाणी, काच, माती, दगड मिळून ऐंशी-नव्वद किलो होतं, तेव्हा साधं टेबल चालणार नाही, आणि खाली लेव्हल बघितलीच पाहिजे. आमच्या स्टँडचा एक पाय तीन मिलिमीटर खाली होता, पाणी भरल्यावर कडेला ते तिरकं दिसायला लागलं, शिवाय काचेच्या जोडावर एका बाजूला ताण येतो तो वेगळाच. सगळं रिकामं करून पुन्हा लावलं. खिडकीतून थेट ऊन येणारी जागा टाळा.

यानंतरचं काम मला सगळ्यात आवडतं, आणि बरेच लोक त्यावर सगळ्यात कमी वेळ घालवतात. हार्डस्केप. म्हणजे कोरड्या टँकमध्ये नुसते दगड आणि लाकूड मांडणं. मी बारा दिवस घेतले. रोज संध्याकाळी अर्धा तास दगड हलवायचे, फोटो काढायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी ताज्या नजरेने फोटो बघायचा. फोटोत चुका दिसतात, समोर बसून दिसत नाहीत, हे का ते मला माहीत नाही पण हमखास होतं. चौथ्या दिवशी दिसलं की माझा मोठा दगड अगदी बरोब्बर मध्ये आहे आणि त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या होऊन नजर तिथेच अडकतेय. तो डावीकडे सरकवला, साधारण लांबीच्या एक-तृतीयांशावर, आणि एकदम टँक मोठा दिसायला लागला.

ताकाशी अमानो यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. जपानमधल्या निगाताचे हे छायाचित्रकार, आधी व्यावसायिक सायकलपटू होते, १९८२ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि 'नेचर ॲक्वेरियम' नावाची पद्धत जगभर नेली. त्याआधी प्लांटेड टँक म्हटलं की डच पद्धत, रंगारंगाच्या झाडांच्या नीट कापलेल्या रांगा, बागेतल्या वाफ्यांसारख्या. अमानोंनी जंगल, डोंगर, नदीकाठ आत आणला. २०१५ मध्ये, त्यांच्या निधनाच्या काही महिने आधी, लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी ४० मीटर लांबीचा, १ लाख ६० हजार लिटरचा प्लांटेड टँक केला. त्याचे फोटो मी कितीतरी वेळा बघितलेत आणि दर वेळी काहीतरी नवीन सापडतं, एखादं लाकूड कसं पाण्याबाहेर डोकावतंय, एखाद्या कोपऱ्यात मुद्दाम अंधार कसा ठेवलाय. नुसत्या दगडांच्या मांडणीला इवागुमी म्हणतात, त्यात दगडांना नावं असतात, मुख्य दगड ओयाइशी, त्याच्या जोडीचा फुकुइशी, आधाराला सोएइशी, आणि सुतेइशी म्हणजे झाडांत हळूहळू झाकून जाणारा छोटा दगड. हा शेवटचा प्रकार मला फार सुंदर वाटतो, झाकला जाणार हे माहीत असूनही तो दगड तितक्याच विचाराने ठेवायचा.

माझ्या टँकमध्ये पाच दगड आहेत आणि एक लाकूड. दगड घेताना दोन गोष्टी पाळल्या. सगळे एकाच जातीचे, आणि सगळ्यांच्या रेघा एकाच दिशेने झुकलेल्या, कारण नदीत एकच प्रवाह सगळ्या दगडांवरून जातो आणि आपल्या डोळ्यांना ते नकळत माहीत असतं. आणि व्हिनेगरचे थेंब टाकून बघितलं. फेस आला तर त्यात चुना आहे, असा दगड पाण्याचा कठीणपणा वाढवत राहतो. सेर्यू नावाचा निळसर करडा दगड दिसायला अप्रतिम पण तो हे करतो, ड्रॅगन स्टोन करत नाही, म्हणून मी ड्रॅगन घेतला. त्याच्या भोकांमधली चिकणमाती टोकरून काढायला एक आख्खी दुपार गेली आणि मजा आली.

लाकूड तीन आठवडे बादलीत भिजवलं. नवं लाकूड तरंगतं, आणि टॅनिन सोडून पाणी तांबूस करतं. तांबूस पाणी माशांना अपाय करत नाही, काही माशांना तर आवडतंच, फक्त दिसायला तसं नको असेल तर भिजवून पाणी बदलत राहायचं. टँकमध्ये टाकल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत त्यावर पांढरा चिकट थर येतो. आला की घाबरून लाकूड बाहेर काढू नका. तो आपोआप जातो, गोगलगायी आणि झिंगे तर आवडीने खातात.

मातीबद्दल थोडक्यात. मी भाजलेल्या मातीचे बारीक गोळे असतात ती ॲक्वासॉइल वापरली, समोर तीन सेमी आणि मागे अकरा-बारा सेमी असा उतार दिला, उतारामुळे खोली दिसते, सपाट मातीत काहीही लावलं तरी टँक चपटा वाटतो. मागची माती घसरू नये म्हणून खाली लाव्हा दगडाचे तुकडे. ही माती पाण्याचा पीएच थोडा आम्लाकडे नेते, झाडांना ते आवडतं. पण लक्षात ठेवा, ती पहिले काही आठवडे स्वतःच अमोनिया सोडते, भरपूर सोडते. आईच्या प्रश्नाचं हे अर्धं उत्तर. त्या अकराव्या दिवशी माझ्या टेस्ट किटच्या नळीतला अमोनियाचा रंग गडद हिरवा येत होता, म्हणजे अमोनिया खूपच जास्त.

झाडं लावायच्या दिवशी सकाळी नऊला बसले ते दुपारी तीनला उठले. माती फक्त ओली करायची, पाणी भरायचं नाही, आणि मधूनमधून फवारणी करत राहायची म्हणजे पानं सुकत नाहीत. पुढे मोंटे कार्लो, ही गालिच्यासारखी पसरणारी, तिचे चार-पाच देठांचे छोटे छोटे झुबके करून, लांब चिमट्याने तिरके खोचायचे, सरळ खोचले की चिमट्याबरोबर परत वर येतात. मागे रोटाला रोटुंडिफोलिया आणि हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, दोन्ही भराभर वाढणाऱ्या, नव्या टँकला अशी भूक असलेली झाडं हवीतच, पहिल्या दिवसापासून गच्च लावा, नंतर काढता येतात. लाकडावर अनुबियास नाना, बुसेफलँड्रा आणि जावा फर्न. या तिघांचं आडवं जाडसर खोड मातीत पुरायचं नाही, पुरलं की सडतं, दोऱ्याने बांधायचं किंवा सुपरग्लूच्या जेलचा एक ठिपका लावून चिकटवायचं, तो पाण्यात लगेच घट्ट होतो आणि कुणाला त्रास देत नाही. आणि मधल्या भागात, मोठ्या दगडाच्या पायाशी, क्रिप्टोकोरिन वेंडटी. तपकिरी-हिरव्या पानांची, कडा किंचित नागमोडी. सातांमधलं माझं सगळ्यात लाडकं झाड.

पाणी भरताना मातीवर प्लास्टिकची पिशवी अंथरली आणि बारीक नळीने पिशवीवर पाणी सोडलं, म्हणजे माती उडत नाही. क्लोरीन घालवणारं औषध आधी.

सहाव्या दिवशी क्रिप्टोकोरिन वितळायला लागली. वितळणं हाच शब्द आहे, पानं सुकत नाहीत की पिवळी पडत नाहीत, पारदर्शक होतात, हात लावला की लगदा होतो. नवव्या दिवशी बारा पानांतली दोन उरली. त्या रात्री मी चिमटा घेऊन ते झाड उपटायलाच निघाले होते, आणि मग मुळाशी थोडी माती बाजूला केली तर मुळं पांढरीशुभ्र, टणक. परत माती ओढून घेतली आणि फक्त मेलेली पानं कात्रीने कापून काढली.

हे बऱ्याच झाडांचं होतं आणि त्याचं कारण समजलं की धीर येतो. विकायला येणारी पाण्यातली झाडं बहुतेक वेळा नर्सरीत पाण्याबाहेर वाढवलेली असतात, मुळं ओली आणि पानं दमट हवेत. त्या पानांवर मेणाचा थर असतो, हवेतून सीओटू (कार्बन डायऑक्साइड) घ्यायची सोय असते. पाण्याखाली ती पानं जवळजवळ निरुपयोगी. मग झाड जुनी पानं सोडून देतं आणि पातळ, मऊ, पाण्यातून थेट शोषून घेणारी नवीन पानं काढतं. क्रिप्टोकोरिन तर याच्याही पुढची, तिला नुसतं एका जागेवरून उचलून दुसरीकडे लावलं तरी ती पानं टाकते. तिची नवीन पानं यायला सव्वीस दिवस लागले. पहिलं पान सुईएवढं होतं, लालसर, मी भिंगातून बघितलं.

याच काळात तपकिरी शेवाळ आलं. काचेवर, दगडावर, पानांवर धुळीसारखा थर, बोटाने पुसला की जातो. हे डायटम्स, नव्या टँकमध्ये येतातच आणि टँक मुरला की जातात. लोक इथे दोन गोष्टी करतात आणि दोन्ही चुकीच्या आहेत असं माझं ठाम मत आहे. एक म्हणजे शेवाळ मारायचं औषध ओततात, दुसरं म्हणजे सगळं उपसून नव्याने सुरू करतात. शेवाळ आलंय याचा अर्थ टँकमध्ये प्रकाश किंवा खत आहे पण ते वापरायला झाडं अजून पुरेशी सशक्त नाहीत. म्हणून प्रकाश कमी करा, झाडांकडे बघा. मी एलईडी पहिले तीन आठवडे रोज फक्त सहा तास ठेवला, टायमर लावून, हाताने चालू-बंद करण्यावर अजिबात विसंबू नका. नंतर सात, आता साडेसात. पाणी पहिला आठवडा रोज अर्धं बदललं, दुसऱ्यात एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, आता दर शनिवारी एकदा. एवढं पाणी का बदलतेस, त्याने सायकल (जिवाणूंची वस्ती होऊन टँक मुरण्याला असं म्हणतात) लांबत नाही का, असं एकाने मला विचारलं होतं. जिवाणू पाण्यात नसतात, वर लिहिलंय तसं, त्यामुळे पाणी गेलं तरी वस्ती तिथेच राहते, जादा अमोनिया तेवढा कमी होतो.

फिल्टर कॅनिस्टर आहे, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा बंद डबा, तासाला टँकच्या सहा-सातपट पाणी फिरवतो, एवढं पुरतं. खत द्रवरूप, आठवड्यातून तीनदा, आणि क्रिप्टोकोरिनच्या मुळाशी खताची गोळी कारण ती मुळांनी जास्त खाते. एवढंच सांगते की पानं वाचायला शिका. जुनी पानं पिवळी पडतायत तर बहुतेक नायट्रोजन कमी, जुन्या पानांना बारीक भोकं तर पोटॅशियम, आणि नवीन पानंच फिकट येतायत तर लोह, कारण लोह झाडाला जुन्या पानातून काढून नव्यात नेता येत नाही.

सीओटूबद्दल मात्र जरा सविस्तर. सीओटूशिवायही सुंदर टँक होतो, अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन, मॉस, कमी प्रकाश, आणि धीर. पहिल्यांदा करणाऱ्याने तेच करावं असं मला मनापासून वाटतं. पण पुढे दाट हिरवा गालिचा हवा असेल तर सिलेंडर लावणं सोपं पडतं. पाण्यात वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतात, म्हणून पाण्याखालचं झाड कायम कार्बनचं भुकेलं असतं, आणि म्हणूनच नुसता सीओटू सोडून भागत नाही, तो प्रत्येक पानापर्यंत पोचवणारा प्रवाह लागतो. सगळ्या टँकमधली पानं किंचित हलताना दिसली पाहिजेत. मोजायला ड्रॉप चेकर नावाचा काचेचा छोटा फुगा असतो, त्यात रंग बदलणारं द्रावण, निळं म्हणजे कमी, हिरवं म्हणजे साधारण तीस पीपीएम (दहा लाख भागांत तीस भाग), बरोबर, पिवळं म्हणजे जास्त. दिवे लागायच्या दीड-दोन तास आधी सीओटू सुरू, दिवे बंद व्हायच्या तासभर आधी बंद. रात्री झाडं सीओटू घेत नाहीत, ती स्वतःच सोडतात, तेव्हा रात्री चालू ठेवला तर आतल्यांचा जीव जातो.

सतराव्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी काही कामासाठी खोलीत आले आणि रोटालाच्या एका पानाच्या टोकावरून बारीक बारीक बुडबुड्यांची सरळ रेघ वर जाताना दिसली. एकामागोमाग एक, मोत्यांची माळ उसवल्यासारखी. शाळेत हायड्रिला, उलटं नरसाळं आणि परीक्षानळीचा प्रयोग केलेला सगळ्यांना आठवत असेल, तोच हा ऑक्सिजन. पाणी ऑक्सिजनने इतकं भरून जातं की आणखी विरघळू शकत नाही, मग तो बुडबुड्यांच्या रूपाने दिसतो. पाणी बदलल्यावर लगेच जे बुडबुडे काचेवर, दगडावर, सगळीकडे चिकटतात ते हे नव्हेत, ते ताज्या पाण्यातली हवा सुटून झालेले. खरे बुडबुडे फक्त झाडातून निघतात. मी नवऱ्याला हाक मारली, "अहो, लवकर या इकडे!" ते आले, वाकून बघत राहिले, आणि त्या दिवशी त्यांनी माशांबद्दल काही विचारलं नाही.

तेहतिसाव्या दिवशी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. परत तपासलं, पस्तिसाव्याला, अडतिसाव्याला. मग आधी चार अमानो झिंगे आणि दोन नेराइट गोगलगायी. अमानोंनी शेवाळासाठी हे झिंगे वापरायला सुरुवात केली म्हणून त्यांना हे नाव. या दोघांचीही पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत, पिल्लांना खारट पाणी लागतं, त्यामुळे संख्या वाढत नाही. झिंग्यांना तांबं अजिबात सोसत नाही, माशांच्या काही औषधांत ते असतं, बाटलीवरचं वाचल्याशिवाय काही ओतू नका. सोडताना बारीक नळीने थेंब थेंब पाणी देत दीड तास घेतला.

बेचाळिसाव्या दिवशी मासे आले. दहा एंबर टेट्रा, ब्राझीलच्या अराग्वाया नदीच्या खोऱ्यातले, जेमतेम दोन सेमीचे, निखाऱ्याच्या रंगाचे. मासा छोटा निवडला की दगड डोंगराएवढा वाटतो, हे मोठ्या माशाने होत नाही, आणि कळपात राहणारा मासा असला तर तो झाडांच्या मधून एकत्र वळतो तेव्हा आख्खा टँक हलल्यासारखा वाटतो. पहिले दोन तास ते लाकडाच्या सावलीत एका जागी थांबले. संध्याकाळी एकेक करून बाहेर आले. आई फोनवर होती, तिला व्हिडिओ दाखवला, ती म्हणाली, "किती गं लहान, नीट दिसत पण नाहीत!" आणि मग रोज संध्याकाळी फोन करून "बाळं काय म्हणतायत" विचारायला लागली.

पन्नासाव्या दिवसाच्या आसपास माझ्याकडून एक मोठी चूक झाली ती सांगायलाच हवी. मोंटे कार्लो एका कोपऱ्यात विरळ होती म्हणून मी सीओटूचा वेग वाढवला, अर्ध्या तासाने ड्रॉप चेकर बघितला, हिरवाच होता, म्हणून आणखी थोडा वाढवला आणि बाहेर गेले. ड्रॉप चेकर दोनेक तास मागचा आकडा सांगतो हे मला वाचून माहीत होतं आणि त्या क्षणी ते डोक्यात आलं नाही. तीन तासांनी आले तेव्हा द्रावण पिवळं आणि दहाही मासे पृष्ठभागाला तोंड लावून, पहिल्या टँकमधल्यांसारखेच. सीओटू बंद, अर्धं पाणी बदललं, फिल्टरचं तोंड वर करून पाणी खळबळतं केलं. चाळीसेक मिनिटांत ते खाली उतरले. सगळे वाचले, पण माझे हात रात्रीपर्यंत थरथरत होते. तेव्हापासून नियम केलाय की सीओटूला हात लावायचा तर सुट्टीच्या दिवशी सकाळीच, एकदाच, किंचितच, आणि पूर्ण दिवस टँकसमोर घरी थांबायचं.

आता टँकला पाच महिने होतील. मोंटे कार्लोचा गालिचा समोरच्या काचेपर्यंत आलाय, दर तीन आठवड्यांनी तो वरून कापावा लागतो नाहीतर खालचा थर प्रकाशाविना सुटून वर येतो. रोटालाचे शेंडे कापून परत खोचते, कापलेल्या जागी दोन फांद्या फुटतात, तशी ती दाट होत जाते. सुतेइशी म्हणून ठेवलेला छोटा दगड जवळजवळ दिसेनासा झालाय. कापलेल्या फांद्या पुतण्याला देते, त्याने त्याचा टँक सुरू केलाय, आणि बाकीच्या उन्हात पूर्ण वाळवून मगच टाकते. हे कृपा करून सगळ्यांनी पाळा. ओढ्यात, तळ्यात, गटारात एकही फांदी जाता कामा नये. जलपर्णीने काय होतं ते आपण बघतोच, ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, शोभेसाठी नेलेली. आणि माझ्याकडे एवढी गुणी असलेली हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, आशियातलं झाड, फ्लोरिडाच्या पाण्यात पसरून तिथे तण होऊन बसलीये.

क्रिप्टोकोरिनला आता एकोणीस पानं आहेत, आणि बाजूने दोन पिल्लं फुटलीयेत. आता अडचण अशी की ती मोठ्या दगडाला झाकायला लागलीये, खरं म्हणजे ती चार बोटं उजवीकडे लावायला हवी होती. उपटली तर परत सगळी पानं टाकणार. तेव्हा तिला तिथेच ठेवून, येत्या शनिवारी पाणी बदलताना, दगडच थोडा मागे सरकतोय का ते बघणार आहे.